चौघांचा तंबू, दोघांच्या पाठीवर

आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. डिसेंबर महिना, हरिश्चंद्रगड, एका रात्रीचा मुक्काम. मोठ्यांना माणशी ३ लिटर आणि मुलांना २ लिटर धरलं तर नुसत्या पाण्याचंच वजन १० किलो होतं. त्यावर चार स्लीपिंग बॅगा, चार मॅट, स्टोव्ह, भांडी, शिधा, गरम कपडे, औषधांची पिशवी. शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये, असं केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलं आहे. डोंगराच्या चढणीवर ही मर्यादा सैल करायचं काहीच कारण नाही. म्हणजे २० किलोच्या मुलाने फार तर २ किलो उचलायचे: पाण्याची एक बाटली, जॅकेट आणि खाऊ. बाकीचं सगळं आई-बाबांच्या पाठीवर.

तंबूचा विचार या हिशेबापासून सुरू करावा. चार जणांचा, फायबरग्लासच्या काठ्यांचा स्वस्त घुमटी तंबू साधारण ४ ते ५ किलोंचा भरतो. ॲल्युमिनियमच्या काठ्यांचा आणि पातळ कापडाचा चांगला तंबू अडीच ते सव्वातीन किलोंत मिळतो. दीड-पावणेदोन किलोंचा हा फरक म्हणजे तितके लिटर पाणी. शिवाय गडाची पाचनईकडची वाट सोपी म्हणतात तिथेही दमलेल्या मुलाला शेवटच्या टप्प्यात कडेवर घ्यावं लागू शकतं, आणि त्यासाठी पाठीत थोडी ताकद शिल्लक लागते. एकट्या ट्रेकरला हलका तंबू घेऊन सोय होते. लहान मुलांच्या कुटुंबाला मात्र तो नसेल तर मुक्कामाचा बेतच रहित करावा लागतो. म्हणून मुलं असलेल्या घराने हलक्या तंबूवर चार पैसे जास्त खर्च करावेत, या मताचा मी आहे. फक्त वजन कुठे वाचवायचं हे नीट ठरवायला हवं. काठ्यांत वाचवा, आकारात वाचवा, वरच्या कापडात वाचवा. तळाच्या कापडात आणि जाळीत वाचवू नका. त्याचं कारण पुढे सविस्तर येईल.

आधी आकार. तंबूवर लिहिलेला माणसांचा आकडा म्हणजे इतक्या मॅट एकमेकींना चिकटून आत मावतात, एवढंच. नेहमीची मॅट सुमारे ५१ सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. दोघांचा तंबू साधारण १३० सेंटिमीटर रुंद, तिघांचा १७५ ते १८०, चौघांचा २१० ते २४०. सामान, पसरलेले हात, रात्री आडवं होऊन लाथा मारणारं मूल यांचा त्यात हिशेब नसतो. पण मुलं मोठ्यांइतकी जागाही घेत नाहीत. दोन मोठ्यांच्या मॅट टाकल्यावर तिघांच्या तंबूत मधे ७५ सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते, आणि पाच वर्षांखालची दोन मुलं तिच्यात दाटीवाटीने पण छान झोपतात. थंडीत ही दाटी उलट बरी वाटते. दोन्ही मुलं सहा-सात वर्षांच्या पुढे गेली की चौघांचाच तंबू लागतो. मूल एकच असेल तर तिघांचा तंबू ते दहावी-बारावीला जाईपर्यंत पुरतो, त्यामुळे अशा घराला निवड सगळ्यात सोपी.

रुंदीचा आकडा वाचताना एक गोष्ट हमखास निसटते. वजन कमी करण्यासाठी बरेच हलके तंबू पायांकडे निमुळते केलेले असतात आणि जाहिरातीत छापलेली रुंदी डोक्याकडची असते. अशा तंबूत दोघांनी एकीकडे आणि दोघांनी दुसरीकडे डोकं करून झोपता येत नाही, पायांकडची मॅट दुसरीवर चढते. कुटुंबासाठी सरळ आयताकृती तळ घ्यावा. डोक्याकडची आणि पायांकडची अशी दोन्ही मापं विचारा. विक्रेत्याला ठाऊक नसतील तर टेप लावून मोजा.

उंचीचंही तसंच. छापलेली उंची मधल्या एका बिंदूची असते. भिंती त्या बिंदूपासून तिरक्या उतरत असतील तर चार माणसांपैकी एकालाच ताठ बसता येतं. मुलाचे ओले पायमोजे काढायचे, त्याला थर्मल चढवायचं, अंधारात औषध पाजायचं, हे सगळं मोठ्या माणसाला बसूनच करावं लागतं. त्यासाठी निदान ११० सेंटिमीटर उंची आणि शक्य तितक्या उभ्या भिंती पाहाव्यात. वरून एक आडवी छोटी काठी टाकून छत ताणलेलं असेल तर आतली जागा चांगलीच मोकळी होते, आणि त्या काठीचे शंभर-सव्वाशे ग्रॅम सोसायला हरकत नाही.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: चौघांचा एक तंबू घ्यावा की दोघांचे दोन? वजनाच्या हिशेबाने एक तंबू बरा. दोघांचे दोन हलके तंबू मिळून तीन ते साडेतीन किलो होतात, म्हणजे पाव ते अर्धा किलो जास्तच. पण जागेचा प्रश्न येतो. सह्याद्रीत अडीच मीटर बाय अडीच मीटरची सपाट, दगड नसलेली जागा सहज सापडत नाही. अरुंद माचीवर, डोंगरसोंडेवरच्या छोट्या टप्प्यावर, झाडोऱ्यातल्या मोकळ्या तुकड्यावर दोघांचा तंबू कुठेही बसतो. चौघांचा तंबू घेऊन उतारावर झोपलात तर पहाटेपर्यंत सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात.

माझा सल्ला मुलांच्या वयावर ठरतो. धाकटं मूल आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत एकच तंबू. अंधारात ते घाबरून उठलं तर हात पोचेल इतक्या अंतरावर आई किंवा बाबा असायलाच हवेत. त्यानंतर दोन तंबू, दारं समोरासमोर, मधे दोन हातांचं अंतर. दहा-बारा वर्षांच्या मुलांना स्वतःचा तंबू मिळाला की ती तो स्वतः उभारतात, स्वतः आवरतात, आणि त्यांचा ट्रेककडे बघण्याचा सगळा नूरच बदलतो. सुरुवातीची काही वर्षं प्रत्येक तंबूत एक मोठं, एक लहान अशी वाटणी करावी. आणखी एक फायदा असा की मुलं कॉलेजला गेल्यावर चौघांचा तंबू माळ्यावर पडून राहतो, दोघांचा मात्र आई-बाबांच्या कायम कामी येतो.

आता जमीन. तंबूचे परदेशी मापदंड मऊ माती आणि गवत धरून ठरवलेले असतात. आपला घाट म्हणजे बेसॉल्टचा कातळ, वर वीतभर माती, कधी तीही नाही. कोकणात उतरलात तर जांभ्याचे सडे. खुंटी चार बोटं आत जाते आणि वाकते. म्हणून खुंट्यांशिवाय स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू ही सह्याद्रीतली पहिली अट. एकमेकींना छेदणाऱ्या दोन काठ्यांचा घुमट तसा उभा राहतो. उचलून दोन पावलं सरकवताही येतो, खालचा दगड काढून पुन्हा ठेवता येतो. बोगद्यासारखे लांबट तंबू वजनाच्या मानाने अतिशय प्रशस्त असतात आणि उत्तर युरोपात कुटुंबं ते आवडीने वापरतात, पण दोन्ही टोकांना खुंट्या घट्ट बसल्या तरच ते उभे राहतात. चालायच्या काठ्यांवर उभारायचे पिरॅमिडसारखे तंबूही असेच. चौघांना पुरेल असं त्यांचं आवरण एक ते दीड किलोंत मिळतं, हा आकडा फार मोहात पाडतो. हिमालयातल्या कुरणांवर ते उत्तम चालतात. कातळावर, मुलांसह, संध्याकाळच्या वाऱ्यात मात्र त्यांच्याशी झटापट करायला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

उभा राहणारा तंबूसुद्धा बांधावाच लागतो. रिकामा हलका तंबू वाऱ्याने पतंगासारखा उडतो, आणि तोंडावरची पडवी ताणल्याशिवाय उघडतही नाही. खुंटी जात नाही तिथे दगड वापरायचे, पण दोर सरळ मोठ्या दगडाला बांधू नये. तो घासून तुटतो आणि हव्या त्या ताणावर बसत नाही. दोराच्या टोकाचा फास नारळाएवढ्या दगडाभोवती किंवा खुंटीभोवती अडकवायचा, तो जमिनीवर ठेवून दोर ताणायचा आणि दोरावर, त्या छोट्या दगडाच्या तंबूकडच्या बाजूला, दोन्ही हातांनी उचलेल असा मोठा धोंडा ठेवायचा. छोटा दगड मोठ्याच्या मागे अडतो आणि ताण टिकतो. यासाठी कंपनीने दिलेले दोर अपुरे पडतात. ३ मिलिमीटर जाडीचा, अंधारात चमकणारा दोर दहा-बारा मीटर जास्तीचा घ्यावा. चमकणारा अशासाठी की रात्री मुलं दोरात पाय अडकून पडतात.

आता तळ आणि जाळी. या दोन गोष्टींवर मी कोणाशीही तडजोड करणार नाही.

हलक्या वजनाच्या नादात बिनतळाचं आवरण किंवा नुसती ताडपत्री घेऊन फिरणारे अनुभवी भटके आपल्याकडेही आहेत. लहान मुलांसाठी तो मार्ग नाही. सह्याद्रीत आणि कोकणात लाल विंचू आहे, आणि त्याचा दंश मुलांच्या हृदयावर घाला घालतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम आणि त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग यांवर केलेलं काम जगभरच्या वैद्यकक्षेत्राने स्वीकारलं. त्या कामामुळे कितीतरी मुलं वाचली, पण औषध गडावर नसतं, पायथ्याच्या पलीकडच्या दवाखान्यात असतं. दुसरा धोका मण्यारचा. ही रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसांच्या अंथरुणाशी येते, आणि तिचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही. झोपेतच चावली तर पहाटे पोटात दुखू लागेपर्यंत कळत नाही, तोवर फार उशीर झालेला असतो. दगडांच्या कपारीत फुरसं असतं. या सगळ्यांपासून मुलाला वाचवणारी वस्तू म्हणजे चारी बाजूंनी वीतभर वर आलेला अखंड तळ, त्याला शिवलेली बारीक जाळी आणि पूर्ण बंद होणारी चेन.

म्हणून दुकानात तंबू पाहताना आधी आत बसा आणि चेन लावून बघा. चेन बंद झाल्यावर कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट राहते का? जाळीच्या शिवणी सुटल्या आहेत का? चेन एका हाताने, न अडता सरकते का? सहा वर्षांच्या मुलाला ती स्वतः लावता येते का? ही शेवटची चाचणी मुलाकडूनच करून घ्यावी. पुढे ट्रेकवर नियम एकच: आत आलं की चेन, बाहेर गेलं की चेन, एका मिनिटासाठीसुद्धा उघडी नाही. बूट तंबूत घ्यायचे, नाहीतर सकाळी झटकून घालायचे. आणि दंशाचा नुसता संशय आला तरी मांत्रिक, चिरा मारणं, घट्ट आवळणं यांत वेळ न घालवता मुलाला न चालवता खाली आणून थेट रुग्णालय गाठायचं.

तळाच्या कापडाबद्दल बोलताना डेनिअर हा शब्द येतो. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. अतिहलक्या तंबूंमध्ये वरचं कापड आणि तळ दोन्ही १० ते २० डेनिअरचे असतात. वरचं आवरण १५-२० डेनिअरचं असायला काही हरकत नाही. तळ मात्र ३० डेनिअरच्या पुढचा घ्यावा, ४०-७० असेल तर निश्चिंत. मुलं गुडघ्यांवर रांगतात, आत कुस्ती खेळतात, खिशात दगड घेऊन येतात. माणूस गुडघा टेकतो तेव्हा तळावर पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त दाब पडतो, म्हणून पाणी अडवण्याची क्षमताही तळाची जास्त लागते. ही क्षमता पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये सांगतात. वरच्या आवरणाला १५०० आणि तळाला ३००० असेल तर आपल्या हिवाळ्याला आणि एखाद्या अवकाळी सरीला ते भरपूर होतं. ५०००-८००० च्या आकड्यांना भुलू नये, त्या लेपाचं वजन तुम्हीच वाहणार आहात.

तळाखाली अंथरायला कंपनीचं महागडं कापड घ्यायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं जाड पॉलिथिन तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर कमी मापाचं कापून घ्यावं. ते बाहेर डोकावत राहिलं तर आवरणावरून ओघळणारं पाणी त्याच्यावर साचून थेट तुमच्या खाली येतं.

वरच्या कापडात नायलॉन की पॉलिएस्टर? नायलॉन त्याच वजनात जास्त मजबूत, पण ओलं झालं की सैल पडतं आणि रात्री उठून दोर ताणावे लागतात. पॉलिएस्टर ओल्याने फारसं ढिलं पडत नाही आणि उन्हालाही जास्त टिकतं. गडमाथ्यावरचं ऊन पाहता पॉलिएस्टरचं वजन थोडं जास्त असलं तरी मला ते पटतं. पण कापडापेक्षा त्याच्यावरचा लेप महत्त्वाचा, आणि मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावं. बहुतेक तंबूंवर पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट आणि गरम हवेत हा लेप काही वर्षांत कुजतो: कापड चिकट होतं, आंबूस वास सुटतो आणि लेप सालपटासारखा निघू लागतो. तंबू एकदाही न वापरता माळ्यावर पडून असला तरी हे होतं. सिलिकॉनचा लेप असा कुजत नाही. मात्र सिलिकॉनवर शिवणींची पट्टी चिकटत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या तंबूच्या शिवणींवर सिलिकॉनचंच सीलर स्वतः फिरवावं लागतं. संध्याकाळभराचं काम आहे आणि मोठी मुलं ते आनंदाने करू लागतात. एका बाजूला सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूला पॉलियुरेथेन असाही मध्यममार्ग बाजारात आहे.

काठ्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. ॲल्युमिनियमच घ्या, शक्यतो ७००१ किंवा ७०७५ मिश्रधातूच्या. फायबरग्लास जड असतो, फुटला की त्याच्या बारीक कुसळांसारख्या चिपा मुलांच्या हातात जातात, आणि जागेवर दुरुस्त करणं कठीण. हवेत फेकताच उघडणारे पॉपअप तंबू ट्रेकसाठी अजिबात नकोत. मिटल्यावर त्यांची मोठी चकती होते, ती सॅकला कशीही बांधली तरी झाडाझुडपांत अडकते.

दारं दोन असावीत. पहाटे तीनला मुलाला लघवीला जायचं असतं, आणि तो नेहमी दारापासून सगळ्यात लांब झोपलेला असतो. एकच दार असेल तर सगळ्यांना तुडवत जावं लागतं. दोन दारांचे जास्तीचे दोन-अडीचशे ग्रॅम मी डोळे झाकून उचलतो. मुलांना मधे आणि मोठ्यांना दोन्ही कडांना झोपवावं, म्हणजे भिंतीवरचं दव मुलांच्या स्लीपिंग बॅगेला लागत नाही आणि झोपेत उठलेलं मूल मोठ्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर जाऊ शकत नाही. कड्याजवळच्या गडांवर हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या कडेला तंबू लावून फोटो काढायची हौस हल्ली फार दिसते. मुलं बरोबर असतील तर कड्यापासून चांगलं दूर, देवळाच्या बाजूला किंवा पठारावर आत तंबू लावा, आणि दार कड्याच्या उलट दिशेला ठेवा. कड्यावरून वर चढणारा वाराही त्यामुळे टळतो.

तंबूची पडवी, म्हणजे दारापुढचा झाकलेला तुकडा, दोन सॅक मावतील एवढी हवी. खाण्याचे पदार्थ मात्र पडवीत ठेवू नयेत. गडांवरची माकडं जाळी फाडायला मागेपुढे पाहत नाहीत, आणि उंदीर तर पातळ कापड कुरतडतातच. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात, तंबूपासून थोडा दूर.

हवा आणि दव यांचा संबंध समजून घेतला की अर्ध्या तक्रारी मिटतात. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड आवरणाला लागून तिथे पाणी होते. हे गळणं नव्हे. आतला जाळीचा तंबू आणि बाहेरचं आवरण वेगवेगळं असेल तर हे थेंब बाहेरच्या कापडावरून ओघळून जमिनीवर जातात. एकेरी कापडाच्या तंबूत ते थेट अंगावर येतात. म्हणून कुटुंबासाठी दुहेरी तंबूच. छताजवळचे झरोके थंडीतही उघडे ठेवावेत. सह्याद्रीत बहुतांश जाळीचा आतला तंबू योग्य, कारण डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री सोडल्या तर इथे गारठ्यापेक्षा उकाड्याचाच त्रास जास्त होतो. हिमालयात वारंवार जाणार असाल तर निम्म्या उंचीपर्यंत कापड आणि वर जाळी अशी रचना पाहावी, तिथे धूळ आणि वारा जाळीतून आत घुसतो. पावसाळ्यात मात्र, तंबू कितीही उत्तम असो, मुलांना घेऊन माथ्यावर मुक्काम करू नये. पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी घरी पथारी टाकावी. पाचनई, खिरेश्वर, रतनवाडी, साम्रद अशा गावांत त्याची सोय होते आणि घरच्या चुलीवरची गरम भाकरीही मिळते.

तंबूच्या आत स्टोव्ह, शेगडी, निखारे, मेणबत्ती, मच्छर कॉइल यांपैकी काहीही पेटवायचं नाही. बंद जागेतल्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. पडवीतही नाही. कापड ठिणगीने क्षणात वितळतं आणि जानेवारीनंतर आजूबाजूचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. स्वयंपाक तंबूपासून दहा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या दिशेला, आणि मुलांनी त्या वेळी एका ठरलेल्या ठिकाणी बसायचं.

खरेदीला सगळ्यांनी मिळून जावं. दुकानात तंबू उभारून दाखवायला सांगा आणि चौघेही आत आडवे व्हा. लाज वाटून घेऊ नका, पैसे तुमचे जाणार आहेत. जाहिरातीतलं वजन कित्येकदा फक्त आतला तंबू, आवरण आणि काठ्या यांचं असतं. खुंट्या, दोर, पिशव्या आणि तळाखालचं कापड धरलं की त्यात चांगली भर पडते. सामान मोजायचा छोटा काटा बरोबर न्यावा. मग बघायचं ते सर्वांत महत्त्वाचं: हा तंबू एका माणसाला उभारता येतो का? संध्याकाळी माथ्यावर पोचल्यावर एका पालकाचं सगळं लक्ष मुलांवर असतं, दुसऱ्याला एकट्यानेच दहा-पंधरा मिनिटांत तंबू लावावा लागतो. काठी लांब नळीतून ओवायच्या तंबूपेक्षा हुकांनी अडकवायचा तंबू एकट्याला सोपा जातो. काठ्यांची टोकं आणि कोपरे एकमेकांशी जुळणाऱ्या रंगांचे केलेले असतील तर मुलंही मदतीला येतात.

पहिलाच तंबू असेल तर विकत घेण्याआधी भाड्याने घ्यावा. मुंबई-पुण्यात ट्रेकचं सामान भाड्याने देणारी दुकानं आहेत, बऱ्याच ट्रेकिंग संस्थाही तंबू देतात. जड का असेना, पण मुलं तंबूत झोपतात का, तुम्हाला तिघांचा पुरतो की चौघांचा लागतो, हे एका रात्रीत कळतं. परदेशी अतिहलका तंबू मागवायचा विचार असेल तर किमतीत सीमाशुल्काची भर धरा, आणि काठी तुटली किंवा चेन बिघडली तर सुटा भाग इथे मिळेल का हेही विचारा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या नातेवाइकांकडून तंबू मागवण्याची पद्धत आहे. तेव्हा मॉडेल स्वतःच निवडून कळवा, नाहीतर तिकडच्या कार-कॅम्पिंगचा सात किलोंचा प्रशस्त तंबू प्रेमाने घरी येतो.

निघण्यापूर्वी मुक्कामाची परवानगी तपासा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्यात आहे, अनेक किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, आणि राजगडासह बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आहेत. मुक्कामाचे नियम गडागणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात. वनखात्याच्या नाक्यावर किंवा पायथ्याच्या गावात आधी फोन करून विचारलेलं बरं. मुलांना घेऊन वर पोचल्यावर अंधारात परत उतरायची वेळ येता कामा नये.

नवा तंबू ट्रेकआधी सोसायटीच्या गच्चीत किंवा मैदानात उभारा, बागेची नळी वरून धरून दहा मिनिटं पाणी मारा आणि आत बसून शिवणी बघा. एकदा दिव्याशिवाय, नुसत्या हेडटॉर्चवर उभारून बघा. मुलांना एक रात्र त्यात झोपवा. तंबूत झोपायची ओळख घराजवळ झाली की गडावर रडारड होत नाही. चढताना वजन वाटून घ्या: एकाकडे काठ्या आणि खुंट्या, दुसऱ्याकडे आवरण आणि आतला तंबू. तंबू त्याच्या पिशवीत कोंबून सॅकच्या बाहेर टांगण्यापेक्षा कापड मोकळं सॅकमध्ये खाली दाबावं, काठ्या बाजूला उभ्या लावाव्यात.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी तो पंख्याखाली किंवा सावलीत पूर्ण वाळवा. ओला गुंडाळलेला तंबू मुंबईच्या हवेत दोन दिवसांत बुरशी धरतो. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, ओल्या फडक्याने पुसा, चेनमधली माती जुन्या टूथब्रशने काढा. कंपनीच्या आवळ पिशवीत वर्षभर ठेवू नका. मोठ्या सुती पिशवीत, जुन्या उशीच्या अभ्र्यात, सैल भरून कोरड्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या. दिवाळीनंतरच्या पहिल्या ट्रेकआधी पुन्हा एकदा उभारून शिवणींच्या पट्ट्या सुटल्यात का बघा. तुटलेली काठी सांधायची बोटभर लांबीची धातूची नळी, फाटलेल्या जाळीला लावायच्या चिकटपट्टीचे दोन-चार तुकडे, सुई आणि जाड दोरा एवढं खुंट्यांच्या पिशवीतच कायमचं ठेवून द्या.